लॅब्राडूडल आणला तर अ‍ॅलर्जीचा त्रास होणार नाही ना?

तुमच्या नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे, तरी लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकरातून झालेला कुत्रा, चालेल का आणि ही जात आली कुठून, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

हवाईतल्या एका अंध बाईंना गाइड डॉग, म्हणजे वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा, हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी. ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेत पैदाशीचं काम बघणाऱ्या वॉली कॉनरन यांनी आधी पूडल या कुरळ्या केसांच्या जातीचे कुत्रेच या कामासाठी आजमावून बघितले, कारण पूडलचे केस फारसे गळत नाहीत. थोडेथोडके नाही, ३३ पूडल! एकही त्या कामाला उतरला नाही. मग १९८९ च्या सुमारास त्यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड (मोठ्या आकाराचा) पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, आणि त्या गृहस्थांना एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. त्या पिल्लाचं नाव सुलतान.

एका वेतातल्या तिघांपैकी एक! जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असलेल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात कमी-जास्त असतात. माझ्याकडे सहा वर्षांपासून लॅब्राडूडल आहे. सोफ्यावर त्याचा एक केस सापडत नाही, तरी माझी बहीण येऊन बसली की अर्ध्या तासात तिचे डोळे चुरचुरायला लागतात.

केस न गळण्याची किंमतही मोजावी लागते. सुटलेला केस खाली पडत नाही, अंगावरच्याच केसांत अडकतो. कानामागे, काखेत कातडीला चिकटून घट्ट गुठळ्या होतात. वरवर ब्रश फिरवून त्या कळत नाहीत, कंगवा कातडीपर्यंत न्यावा लागतो. शिवाय संकरात अंगावरचे केस कसे येतील याची खात्री नसते. काही पिल्लं लॅब्राडोरसारखी भरपूर केस गाळतात. स्वभाव मात्र गोड, हुशार, पाण्याचं वेड, आणि रोज दमेपर्यंत फिरवावं लागतं.

पैसे देण्याआधी नवऱ्याला त्याच पिल्लाजवळ तीन-चार वेळा, दर वेळी तास-दोन तास बसवा. हात चाटू द्या. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनाही आधी विचारा, दमा असेल तर नक्कीच. पिल्लाचे आई-वडील बघा, त्यांच्या खुब्याच्या आणि डोळ्यांच्या तपासण्यांचे कागद मागा. ‘शंभर टक्के अ‍ॅलर्जी-फ्री’ अशी हमी जो देतो, त्याच्याकडून घेऊ नका.