नस दबली आहे, हे कसे ठरवतात?

प्रश्न : माझे वय ४४ असून मी एसटीमध्ये चालक आहे. महिन्याभरापासून उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलापर्यंत जाते आणि अंगठा बधिर वाटतो. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी सरकल्याचे लिहिले आहे. तरीही डॉक्टरांनी मला टाचांवर चालायला लावले, झोपवून पाय उचलून पाहिला. याची काय गरज होती? – एक वाचक, सांगली

उत्तर : गरज होती. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय पाहिलेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांत एखादी तरी गादी फुगलेली आढळली होती. त्यामुळे लक्षणे आणि तपासणी त्याच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच रिपोर्टला अर्थ येतो.

चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी सरकली की बहुधा पाचवी नस दबते. ही नस पावलाचा वरचा भाग व अंगठा यांची संवेदना वाहते आणि पाऊल वर उचलते. म्हणूनच टाचांवर चालवतात. अंगठा वर ओढून धरायला सांगून डॉक्टर तो बोटाने खाली दाबतात आणि दोन्ही बाजूंची ताकद ताडून पाहतात. त्याखालची नस दबली, तर करंगळीकडची कड बधिर होते, एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे जड जाते आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली असता पावलाचा झटका मंदावतो. मात्र गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस नस दाबली गेली (मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्यांत हे दिसते), तरीही पाऊल लुळे पडते. तेव्हा पाऊल आत वळवण्याची ताकद शाबूत असते, हा फरक तपासायलाच हवा.

गुडघा सरळ ठेवून पाय उचलताना साधारण ३० ते ७० अंशांदरम्यान कळ गुडघ्याखाली गेली, तर नसेवर ताण असण्याची शक्यता वाढते. मांडीमागे नुसते ताणले जाणे धरत नाहीत. दुखरा नसलेला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर तो पुरावा अधिक पक्का.

बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. पण लघवी अडली, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय अशक्त झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाऊल उचलण्याची ताकद कमी होत असेल, तरीही विलंब करू नये. आपला तर उजवाच पाय आहे, त्यामुळे ब्रेकवर पाऊल झटकन जाते याची डॉक्टरांकडून खात्री होईपर्यंत गाडी चालवू नये.