हेडरला नाही म्हणा. पण मला काळजी तुमच्या पॉलिसीची वाटते

डिचोलीच्या एका वाचकांची 2012ची पेट्रोल स्विफ्ट चोर्ला घाट चढताना दमते. म्हापशाच्या गॅरेजवाल्याने स्टीलचे हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं) मिळून 45,000 रुपये सांगितलेत. पिकअप वाढेल, मायलेजही लिटरमागे दोन किलोमीटरने वाढेल म्हणे. करावं का?

करू नका. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या, मोकळ्या नळीतून निघतो. त्याचा फायदा मुख्यतः इंजिन जोरात फिरत असताना. 1.2 लिटरच्या साध्या इंजिनाला चार-पाच हॉर्सपॉवर मिळाली तरी पुष्कळ, आणि घाटात लागणारी, इंजिन हळू फिरतानाची ओढ उलट कमीही होऊ शकते. मायलेजचं आश्वासन खरं धरलं, तरी वर्षाला 12,000 किलोमीटरवर वाचणार जेमतेम नऊ हजार. म्हणजे पाच वर्षं नुसती वसुली! शिवाय 2027 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. नोंदणी नूतनीकरणाला आरटीओ गाडी तपासणार. हेडर बसवताना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल तर तिथेच अडकाल. आधी प्लग, एअर फिल्टर आणि क्लच तपासून घ्या. जुन्या गाडीचा दम बहुतेक वेळा तिथेच गेलेला असतो.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. "घरच्यांची चिंता नाही, बँकेतल्या साहेबांनी तीन वर्षांपूर्वी पॉलिसी काढून दिलीय." हप्ता वर्षाला 60,000, दहा वर्षं भरायचा, पंधराव्या वर्षी 10 लाख मिळणार, विमा 6 लाखांचा.

तुमचं वय 38. घरात कमावते तुम्ही एकटे, मुलं दोन, घरखर्च महिना 35,000. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर सहा लाख किती पुरतील? सतरा महिने. धाकटी तेव्हा चौथीतही गेलेली नसेल. एवढ्या तुटपुंज्या विम्यासाठी तुम्ही पगारातले महिन्याला पाच हजार देताय. परतावाही बघा. सहा लाख भरून दहा लाख ऐकायला छान वाटतं, पण दर पडतो वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. हीच रक्कम पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी साडेबारा लाख झाली असती. साहेबांना कमिशनवाली योजना खपवायची होती; तुमच्या मुलांचं काय, हे त्यांनी विचारलंच नाही. याचा मला खरंच राग येतो.

म्हणून 45,000 असे वापरा. आधी एक कोटीचा शुद्ध टर्म विमा काढा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा, परतावा नसलेला. तुम्ही तंबाखू खात नसाल तर वर्षाला साधारण 15 ते 20 हजारांत मिळेल. अर्जात बीपी, साखर, जुनं ऑपरेशन, काहीही लपवू नका. ही नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुन्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती मिळतील आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर पंधराव्या वर्षी किती. मोडली तर भरलेल्या 1,80,000 पेक्षा बरंच कमी हाती येईल, तयारी ठेवा. चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे असं लिहिलंय. दोन्ही आकडे मला पाठवा, हप्ता भरायच्या आधी.