पवनीत हिवाळ्यात तीन दिवस, तेही कुणाच्या तरी घरी राहून: जावं का?

तुम्ही पुण्याच्या. डिसेंबरअखेर तीन दिवस मोकळे आहेत, विदर्भातलं एखादं जुनं शहर पाहायचंय, पण हॉटेलात न उतरता तिथल्याच कुणाच्या घरी राहून. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं नाव कुठंतरी वाचलंत आणि विचारताय, जावं का, आणि घर मिळतं का.

माझं माहेर पवनीचं, परकोटाच्या आतलं. सासर तिथून सात किलोमीटरवरच्या खेड्यात. माहेराबद्दल बाई खोटं बोलत नाही, पण जास्त बोलते, एवढं धरून पुढचं वाचा.

या, जरूर या. फक्त पुण्या-औरंगाबादसारखं शहर डोक्यात ठेवून येऊ नका. नगरपरिषद आहे म्हणून शहर म्हणायचं. तीन बाजूंनी खंदक आणि मातीचा उंच तट, चौथ्या बाजूला वैनगंगा, आत अरुंद गल्ल्या आणि गल्लीगणिक देऊळ. म्हणून तर पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. दुपारी गाडी करून आलेला माणूस दोन तासांत सगळं पाहतो आणि "यात काय पाहायचं?" म्हणत निघून जातो. त्याचंही चुकत नाही. इथली बरीचशी जुनी वस्तू कुणाच्या परसात, कुणाच्या ओट्याखाली आहे. घरचा माणूस सोबत असेल तर दिसते, नाहीतर नाही.

यायचं कसं, तर नागपूरहून उमरेड, भिवापूर आणि मग पवनी. साधारण ऐंशी किलोमीटर, एसटीने या. जुन्या नकाशात "पवनी रोड" असं स्टेशन दिसेल, त्याच्या नादी लागू नका. नागपूर-नागभीडची छोटी गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये बंद झाली, आणि ते स्टेशन तसंही गावात नव्हतंच. भावाकडे आलेलं एक जोडपं त्या स्टेशनाची चौकशी करत नागपुरात अर्धा दिवस घालवून बसलं होतं. वाटेत भिवापूर लागतं. तिथल्या मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, परतताना किलोभर घ्या.

आता घराचं. ओळख काढा. ओळख निघतेच. तुमच्या ऑफिसात कुणी नागपूरचा असेल, त्याची मावशी भंडाऱ्याची, तिची जाऊ पवनीची. एवढं नातं आमच्याकडे पुरतं. आठ दिवस आधी फोन करा, किती जण, शाकाहारी की कसं, आणि किती वाजता पोचणार ते सांगा. दिवस मावळायच्या आत पोचा, कारण पाहुणा आल्याशिवाय घरातलं कुणी जेवायला बसत नाही. पाहुणे रात्री दहाला आले तर माझी म्हातारी आई दहापर्यंत उपाशी असते, आणि तोंडावर म्हणते, "काही नाही जी, मले भूकच नव्हती."

पैशाची गोष्ट मात्र नीट सांगते, कारण इथंच सगळे अडखळतात. दोन हिवाळ्यांपूर्वी भावाच्या मित्राच्या ओळखीने मुंबईचे दोघं जण तीन रात्री राहिले. चांगली माणसं. निघताना त्यांनी पाकीट आईच्या हातावर ठेवलं. आईने आत पाहिलं, गप्प झाली, आणि पाकीट पाटावर ठेवून आत निघून गेली. ती दोघं घाबरली. वहिनी मला नंतर म्हणाली, "आत्याबाई, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माह्याशी, जसं काही मीच मागतले." त्या पाहुण्यांचा हेतू वाईट नव्हता, पण आईला ते खानावळीचं बिल वाटलं. तुम्हाला द्यायचंच असेल तर घरातल्या लेकराच्या हातात खाऊ म्हणून द्या, त्याला कुणी नाही म्हणत नाही. येताना बाकरवडी आणा, आईला चष्म्याची दोरी आणा, काहीही आणा. आणि निघताना तुमच्या कपाळाला कुंकू लावून ओटीत तांदूळ-नारळ, सोबतच्या पुरुषाला टोपी-दुपट्टा मिळेल. नको नको करत बसू नका, घ्या.

सकाळ घाटावर काढा. पहिल्या दिवशी साडेसहाला, अगदी थंडी असली तरी. रात्री पारा दहा-बारावर येतो, लाट आली तर आणखी खाली, आणि नदीकाठी तो जास्तच बोचतो. दिवाण घाटाच्या पायऱ्या उतरताना समोर नदी दिसतच नाही, नुसतं पांढरं धुकं. आधी वल्ह्याचा आवाज येतो, मग धिवराचा डोंगा, मग त्यातला माणूस, डोक्याला गमचा गुंडाळलेला. पायऱ्यांचे दगड मधोमध खोलगट झालेत, पाय आपोआप त्या खोलगटात पडतो. आई अजूनही तिथेच अंघोळ करते आणि तांब्याभर पाणी घेऊन वैजेश्वराला जाते. वर दहा किलोमीटरवर गोसेखुर्दचं धरण आहे, १९८८ मध्ये भूमिपूजन झालेलं, तेहतीस दारांचं. धरण झाल्यापासून नदी तिच्या मनाने वाहत नाही, दारांच्या मनाने वाहते. ऑगस्ट २०२० च्या पुरात पाणी गावात शिरलं. कुणालाही विचारा, पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील.

मग जगन्नाथ टेकडी. वर जगन्नाथाचं देऊळ, आणि खाली, त्याच मातीच्या पोटात, बौद्ध स्तूप. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मिळून इथे खोदकाम केलं, तेव्हा कठड्याचे कोरीव खांब निघाले. त्यातल्या एकावर पाच फण्यांचा नाग आहे, मुचलिंद, आणि त्याचं नाव ब्राह्मीत कोरलेलं. बुद्धावर पाऊस पडू नये म्हणून फणा धरणारा तोच. क्षत्रप, म्हणजे जुन्या काळचा प्रांताधिपती, रूपियम्मा याचा कोरीव लेखही पवनीतच सापडला. तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. येताना नागपुरात दोन तास काढून आधी तो बघा, मग टेकडी बघा. टेकडीवर स्वतःहून दिसण्यासारखं फारसं नाही. डोक्यात ते खांब असतील तरच पायाखाली काय आहे ते कळतं.

मी लहान असताना आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पवन राजाची गोष्ट सांगायची. राजाकडे परीस होता, म्हणून तो शेतकऱ्यांकडून सारा पैशात घेत नसे, नांगराचे झिजलेले फाळ घेई आणि परिसाला लावून सोनं करी. फाळ द्यायचे आणि सुटायचं. आमच्या शेतात कधी लोखंडाचा तुकडा निघाला की आजोबा तो उचलून म्हणत, "हे राजाचं राहूनच गेलं."

पंचमुखी गणपती पाहा, विदर्भाच्या अष्टविनायकांत तो येतो. नेहमीची सोंडवाली मूर्ती शोधू नका, एकाच दगडावर पाच गणपती आहेत. मुरलीधराचं देऊळ जाता जाता होईल. ८ फेब्रुवारीच्या आसपास येणार असाल तर जवळच रुयाडला महासमाधी भूमीच्या महास्तूपावर मोठा धम्म मेळावा असतो, पण त्या दिवसांत कुणाच्याही घरी झोपायला जागा उरत नाही.

जेवणाचं लिहायला बसले तर उत्तर संपणार नाही. हिवाळा म्हणजे पोपटाच्या (वालाच्या) दाण्यांची भाजी, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, तळ्यातले शिंगाडे आणि सांबारवडी. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेल्या एका ताईंना वहिनीने "सांबार आणा" म्हणून बाजारात पाठवलं, त्या इडलीवालं हॉटेल शोधत फिरल्या.) भात नव्या धानाचा असतो. चिन्नोर शिजला की वास शेजारच्या घरात जातो. तो थोडा चिकट वाटेल, नवा तांदूळ तसाच असतो, नाक मुरडू नका. झिंगे खात असाल तर आधी सांगा, आई खास सुकवून ठेवलेले काढेल.

दुसरी रात्र मात्र पवनीत काढू नका, माझ्या सासरच्यासारख्या एखाद्या खेड्यात काढा. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाची, नाटकं असतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथल्या मंडळ्या गावोगाव फिरतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या गावात रात्री नाटक ठरलेलं. पडदा उघडायला दहा वाजतात आणि पडायला कोंबडा आरवतो. मधे गाणी, विनोद, रडारड, पुन्हा विनोद. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या गावात लोकांनी आपल्याच घरातल्या माणसाला मिळाल्यासारखे पेढे वाटले. खुर्चीचं तिकीट काढू नका. चटईवर बसा, बायकांमध्ये. शेजारची बाई विचारेल, "कुठल्या जी तुम्ही?" आणि उत्तर येईपर्यंत तिच्या रगाचं अर्धं टोक तुमच्या पायांवर आलेलं असेल. मागे शेकोटी असते. दोननंतर अर्धी माणसं तिथेच सापडतात.

तीन दिवसांतच उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याची सफारीही बसवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बसवू नका. पवनीकडूनही अभयारण्याला गेट आहे हे खरं, आणि जय नावाचा प्रसिद्ध वाघ इथेच राहायचा, २०१६ पासून तो कुणाला दिसला नाही. पण सफारीसाठी पहाटे निघालात की घाट गेला, दुपारी झोपलात की टेकडी गेली. वाघासाठी वेगळे या.

सामानात स्वेटर, कानटोपी आणि टॉर्च ठेवा. अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, घरातला सगळ्यात मोठा गंज, म्हणजे पातेलं, आधी तुमच्यासाठी चढतो, तेव्हा लवकर उठा. पांघरूण मात्र आणू नका. तुम्ही येणार हे कळलं की वहिनी आदल्या दिवशीच माळ्यावरच्या वाकळी काढून गच्चीवर उन्हात टाकते, आणि रात्री अंगावर घेतली की त्या उन्हाचा वास येतो.