आजोबांच्या ट्रंकेतल्या जपानी नोटा आणि मुलीची एफडी

सप्रेम नमस्कार,

तुमचं कराडहून आलेलं पत्र वाचलं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जपानी अमलातल्या अकरा नोटा सापडल्या. आता एक विक्रेता अशा नोटांचा ‘पूर्ण संच’ दोन लाखांना देतोय आणि पाच वर्षांत तिप्पट होतील म्हणतोय. त्यासाठी मुलीच्या इंजिनिअरिंगची एफडी मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका.

तुम्ही पाठवलेला दहा रुपयांच्या नोटेचा फोटो मी मोठा करून पाहिला. मागताक्षणी दहा रुपये देण्याचं जपान सरकारचं वचन इंग्रजीत छापलंय, पण अनुक्रमांक कुठेच नाही. नुसती अक्षरं, त्यातलं पहिलं ‘बी’, म्हणजे बर्मा. मलायाच्या नोटांवर ‘एम’ असतं, फिलिपिन्सच्या नोटांवर ‘पी’. १९४२ पासून या नोटा बेसुमार छापल्या गेल्या, महागाई आकाशाला भिडली आणि १९४५ मध्ये जपान हरल्यावर ब्रिटिशांनी त्या बदलून द्यायला नकार दिला. कवडीमोल झालेले हे कागद सैनिकांनी आठवण म्हणून घरी आणले. फौजेची परंपरा असलेल्या आपल्या सातारा जिल्ह्यात, जिथं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नावानं ओळखलं जातं, अशा ट्रंका आणखीही घरांत असतील. म्हणजे माल भरपूर आहे. साध्या नोटा आजही काही शे रुपयांत मिळतात.

किंमत येते ती वेगळ्या नोटांना. मलायाच्या सुरुवातीच्या, अनुक्रमांक असलेल्या नोटा, किंवा १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासनाने सहाव्या जॉर्जच्या भारतीय नोटांवर ‘फक्त ब्रह्मदेशात चलन’ असं छापून वापरलेल्या नोटा. यात मूळ नोट खरी आणि वरची छपाई खोटी, असा प्रकार असू शकतो. दोन लाखांच्या संचात यातलं काय आहे, हे विक्रेत्याने तुम्हाला सांगितलेलंच नाही.

आता हिशेब. पाच वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला साधारण साडेचोवीस टक्के. तेच दोन लाख सात टक्क्यांच्या एफडीत पाच वर्षांत सुमारे २ लाख ८३ हजार होतात. संच आजच्याच भावात विक्रेत्याला परत विकायला गेलात आणि त्याने चाळीस टक्के कापले, तर हातात १ लाख २० हजार येतील. म्हणजे एफडीची नुसती बरोबरी करायलाच भाव जवळपास २.३६ पट व्हायला हवेत. एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. आणि मुलीची फी भरायची तारीख गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबणार नाही.

छंद मात्र जरूर करा, मला मनापासून बरं वाटेल. महिन्याच्या खर्चातून पाचशे रुपये बाजूला काढा आणि एकेक नोट पारखून घ्या. आजोबांच्या अकरा नोटा विकू नका. त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून बाहेर काढून पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. आजोबा कोणत्या पलटणीत होते, हे घरातल्या थोरांना आत्ताच विचारून घ्या.

आणि त्या विक्रेत्याला एकच गोष्ट लेखी मागा: हाच संच उद्या परत आणला, तर तुम्ही किती द्याल?