मॅडम, हिला जरा काही सहनच होत नाही

मागच्या पावसाळ्यात मानपाड्याहून एक आई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या, सोबत 13 वर्षांची मुलगी, आठवीतली, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच, की मॅडम हिला जरा काही सहनच होत नाही, पुढे कसं व्हायचं हिचं? हा प्रश्न मला ठाण्यातले इतके पालक विचारतात म्हणून ही केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गणिताच्या युनिट टेस्टला 20 पैकी 7 मिळाले आणि तेव्हापासून रविवारची संध्याकाळ झाली की पोटात दुखायला सुरुवात, सोमवारी शाळेला दांडी. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. पण काही निघालं नाही म्हणजे पोरगी नाटक करतेय असं कृपया समजू नका, टेन्शनने पोट खरंच दुखतं. शाळेत कोणी त्रास देतंय का हे मी तिला एकटीला विचारून घेतलं, तसं नव्हतं.

मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलेलं, तिने एकदा फिरवून बघितलं आणि आईंनी लगेच हातातून घेऊन उघडून परत दिली, माझ्याशी बोलणं न थांबवता, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग हळूहळू बाकीचं निघालं, डबा विसरला की आई रिक्षा करून शाळेत, प्रोजेक्ट राहिला की रात्री बारापर्यंत आईच कापतेय चिकटवतेय. सगळं मायेपोटीच, पण 13 वर्षांत त्या मुलीला स्वतःचं काही निस्तरायची वेळच आली नव्हती, मग 7 मार्कांनी कोसळणारच ना ती.

बाबांचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं, आम्ही मार खाऊन मोठे झालो, जरा कडक वागा, आपोआप घट्ट होईल. त्यांना मी हवाईच्या काउआई बेटावरचा अभ्यास सांगितला. 1955 साली तिथे जन्मलेल्या 698 मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, त्यात गरिबी, घरात भांडणं, आजारपण अशा अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली मार्गी लागली, आणि त्या मुलांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी हक्काचं मोठं माणूस होतं, कधी आजी, कधी शिक्षक. म्हणजे नुसत्या हालांनी कोणी घट्ट होत नाही हो, पाठीशी माणूस लागतं. बाबा गप्प बसले, मग म्हणाले, माझी आत्या होती तशी.

आम्ही छोटं काम ठरवलं, क्लासला टीएमटीच्या बसने एकटीने जायचं, मानपाडा ते नौपाडा. आईंना मागून रिक्षाने जायचं होतं, मी नको म्हटलं. पहिल्याच दिवशी स्टॉप चुकला, पोरगी थेट स्टेशनला! फोनवर रडवेली, आई मी हरवले. आई मला नंतर सांगत होत्या की तिथेच थांब मी येते हे अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं आणि विचारलं, बरं, मी फोनवर आहे, आजूबाजूला काय दिसतंय, आता काय करशील? तिने एका फुलवालीला विचारलं, गोखले रोडने चालत गेली, क्लासला 20 मिनिटं उशिरा पोचली. घरी येऊन ही गोष्ट तिने तीनदा सांगितली.

शाळा लगेच सुरळीत झाली नाही, आधी दोन तास, मग अर्धा दिवस, असं करत दीड महिना गेला, वर्गशिक्षिकांनी खूप सांभाळून घेतलं. पुढच्या टेस्टला 9 आले, रडली, पण सोमवारी गेली.

मात्र मूल दोन आठवडे नीट जेवत झोपत नसेल, सगळ्यांपासून तुटत चाललं असेल तर असले प्रयोग करत बसू नका, तज्ज्ञांना दाखवा, आणि जगून काय करायचं असं बोललं तर त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता, मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गेल्या महिन्यात आईंचा मेसेज आला. मॅडम, काल चावी विसरली, मला फोनच नाही केला, शेजारच्या काकूंकडे बसून होमवर्क केला, मला संध्याकाळी कळलं.