"एकदा येऊन जाऊ दे की ओ ताई"

सोलापुरात गड्ड्याची यात्रा आटोपली, ऊन तापू लागलं, की माझ्याकडे कांजिण्यांच्या चौकशा वाढतात. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक सूनबाई चार वर्षांच्या लेकाला घेऊन आली. शेजारच्या पोराच्या अंगावर आदल्या दिवशी फोड उठले होते. दोघं रोज एकत्र खेळणारी.

"सासूबाई म्हणतात, देवीचं आहे, एकदा येऊन जाऊ दे. लस विकत घ्यायची तर आठवड्याची मजुरी पुरायची नाही. लागतेच का ओ ताई?"

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत बरी होतात, आणि पुन्हा सहसा होत नाहीत. मी एवढंच विचारलं, घरात आणखी कोण आहे?

नणंद. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला कांजिण्या झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मग मात्र मी सगळं नीट समजावलं. मोठ्या माणसाला, त्यातून गरोदर बाईला, कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतपणाआधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन, या काळात आईला फोड उठले तर बाळाच्या जिवाशी येतं. लस दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची, म्हणून गरोदरपणी देत नाहीत. तिला आडोसा आजूबाजूच्यांचाच. आणि लागण फोड दिसण्याआधी एक-दोन दिवसच सुरू होते, त्यामुळे "फोड आले की वेगळं निजवू" याचा उपयोग नाही.

संपर्कानंतर तीन दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका जातो. लेकाला त्याच दिवशी डोस मिळाला, दुसऱ्याची तारीख तीन महिन्यांनंतरची. नणंदेला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. तिच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे कांजिण्यांपासून वाचवणारे घटक, निघाली. लहानपणी हलक्या येऊन गेल्या असाव्यात. असं पुष्कळांचं असतं.

मला सलतं ते हे, की सरकारी लसीकरणात ही लस नाही. परवडेल तो घेतो. थोड्याच मुलांना लस मिळाली की आजाराचं फिरणं मंदावतं, पण राहिलेली मुलं कांजिण्यांविना मोठी होतात आणि ऐन तारुण्यात सापडतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली सांगितलं, की कार्यक्रम हाती घ्यायचा तर निदान ८० टक्के मुलांपर्यंत कायम पोहोचण्याची तयारी हवी.

पंधरा दिवसांनी सासूबाई स्वतः आल्या. "धाकट्याचं लग्न ठरलंय. त्यालाही कधी झाल्या नाहीत. आणि होणाऱ्या सूनबाईला?"

दोघांनाही दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. मुलीला शेवटच्या डोसनंतर महिनाभर तरी दिवस राहू नयेत. त्यांनी कागदावर लिहून मागितलं.