एक्सएमएलच्या पोटातलं एक्सएमएल: तुमचे प्रश्न

(एक्सएमएल म्हणजे माहिती टॅगमध्ये, नाव दिलेल्या खुणांमध्ये, गुंडाळून एकात एक ठेवायची पद्धत. उदाहरणांत टॅगची नावं मराठीत लिहिली आहेत. एक्सएमएलला ती चालतात. ऑफिसातल्या बाकीच्यांना चालतीलच असं नाही.)

प्रश्न: पुरवठादाराची फाइल उघडली की 'बिल' हा टॅग डोळ्यांना दिसतो, पण एक्सपाथमध्ये (एक्सएमएलमधला हवा तो भाग शोधायची भाषा) //बिल चालवलं की हाती काहीच लागत नाही. एररही येत नाही.

सर्वांत वरच्या टॅगमध्ये 'एक्सएमएलएनएस' लिहिलंय का बघा. बहुधा असणारच. ती डीफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे टॅगच्या नावांचं घराणं, आतल्या मुलानातवंडांनाही आपोआप लागते, म्हणजे तुमच्या 'बिल'ला एक आडनाव चिकटलेलं असतं. एक्सपाथ १.० मध्ये मात्र प्रीफिक्स (नावाआधी कोलन लावून येणारं छोटं नाव) नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. कोडमध्ये त्या यूआरआयला (एक्सएमएलएनएसपुढे लिहिलेल्या पत्त्याला) एखादा प्रीफिक्स जोडा, समजा 'पु', आणि //पु:बिल असं विचारा. हा प्रीफिक्स फाइलमध्ये नसला तरी बिघडत नाही. जुळावा लागतो तो यूआरआय, अगदी अक्षरन् अक्षर. शेवटच्या एका स्लॅशपायी माझी अख्खी दुपार गेली आहे.

प्रश्न: //ओळ[1] म्हटलं की पहिली एकच ओळ यायला हवी ना? फाइलमध्ये ४० बिलं आहेत आणि येतात ४० ओळी.

बरोबर येतात. दोन स्लॅश म्हणजे 'खालच्या प्रत्येक नोडपाशी (फाइलमधल्या प्रत्येक घटकापाशी) जाऊन बघ'. त्यामुळे [1] प्रत्येक पालकापाशी वेगळा लागतो आणि दर बिलातली पहिली ओळ मिळते. अख्ख्या फाइलमधली पहिली हवी असेल तर (//ओळ)[1] लिहा. कंसामुळे आधी सगळी यादी तयार होते, मग क्रमांक लागतो.

याच घरातली दुसरी चूक, विचारली नाहीत तरी सांगतो. बिलांवर लूप फिरवताना आत //ओळ लिहिलं की प्रत्येक फेरीत सगळ्या बिलांच्या ओळी येतात. स्लॅशने सुरू होणारा पाथ हातातलं बिल सोडून थेट मुळाशी जातो. .//ओळ लिहा, तो ठिपका म्हणजे 'इथून'. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणीच्या फाइलमध्ये बिल एकच असतं. नमुन्यात निदान ३ बिलं ठेवा: एक बिनओळीचं, एक एका ओळीचं, एक भरगच्च.

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये नोड्स() (एक्सएमएलच्या नोडच्या रो करणारं) आणि क्रॉस अप्लाय (प्रत्येक रोला तिच्या आतल्या रो जोडणारं) वापरून बिलाच्या ओळी आणि हप्ते काढतो. काही बिलं गायब होतात, काहींची बेरीज फुगते.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आत एकही नोड मिळाला नाही तर क्रॉस अप्लाय बाहेरची रो सुद्धा गाळतो. तिथे आउटर अप्लाय वापरा, बिल राहील आणि रिकाम्या जागी नल येईल.

फुगण्याचं कारण निराळं. ओळी आणि हप्ते ही एकाच बिलाची भावंडं. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्हींवर लागोपाठ अप्लाय केलं की ३ ओळी आणि ४ हप्त्यांच्या १२ रो होतात. डिस्टिंक्ट (सारख्या रो एकदाच ठेवणारं) लावून हे झाकू नका! सारख्या रकमेचे दोन खरे हप्ते असले तर त्यातला एक गिळला जाईल. दोन्हींच्या बेरजा वेगवेगळ्या काढा आणि मग बिल क्रमांकावर जोडा. ओळ आणि तिच्या पोटातले कर असं खरंच आत-आत असेल, तर दुसरं अप्लाय मूळ बिलावर न लावता पहिल्याने दिलेल्या ओळीवर लावा.

प्रश्न: एक्सएमएलचं जेसन (माहिती लिहायची आणखी एक पद्धत) केल्यावर कोड कधी चालतो, कधी कोसळतो.

कोसळतो तेव्हा बिलात ओळ एकच असते ना? अनेक कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा आलेल्या टॅगचीच यादी करतात. एकट्याचा साधा ऑब्जेक्ट होतो, आणि यादी येईल असं धरून लिहिलेला कोड अडतो. पायथनच्या एक्सएमएलटूडिक्ट या लायब्ररीत यासाठी 'फोर्स लिस्ट' हा पर्याय आहे, त्यात 'ओळ' द्या.